ड्रॅगच्या इंजिनसाठी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगांची निवड कशी करावी?

निगडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी ड्रॅग शर्यतीसाठी (सरळ पट्ट्यावरची वेगाची शर्यत) एक इंजिन बांधत आहे आणि व्हॉल्व्ह व स्प्रिंगांच्या निवडीपाशी अडलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. इंजिन २०० सीसीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आहे. बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ४९ मिमी, एक कॅमशाफ्ट आणि चार व्हॉल्व्ह अशी त्याची रचना आहे. कॅम बदललेला असून व्हॉल्व्हची उचल ९ मिमी आणि उघडे राहण्याचा काळ क्रँकच्या मापाने २८० अंश आहे. ही गाडी रस्त्यावर धावणार नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत तशा बंदिस्त ४०२ मीटरच्या शर्यतींसाठीच ती आहे.

डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) १०,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) ताकद व्यवस्थित वाढते, पण १०,३०० च्या सुमारास आलेख एकदम कोसळतो आणि इंजिनचा आवाज फाटल्यासारखा होतो. सध्याची स्प्रिंग मी टेस्टरवर मोजून घेतली आहे. व्हॉल्व्ह बंद असताना ती १८ किलोचा आणि ९ मिमी दाबल्यावर ४४ किलोचा जोर देते. मला १२,००० आरपीएम गाठायचे आहेत. नाना पेठेतल्या काही दुकानांत चौकशी केली, तेव्हा सर्वांनी 'सर्वांत कडक स्प्रिंग टाका' एवढेच सांगितले. केवळ कडकपणावरून निवड करणे मला पटत नाही. जाणकारांनी हिशेबासकट मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गणिती

आपण मोजमापे दिलीत हे फार चांगले केले, कारण त्यामुळे अंदाजाऐवजी आकड्यांवर बोलता येते. आणखी एक माप हवे आहे. व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि लॉक (तिला व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकवणारे तुकडे) यांची वजने कळवाल का? तसेच रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी तरफ) व्हॉल्व्हच्या टोकाशी किती भार टाकतो, हेही काट्यावर पाहता येईल. रॉकरचा मधला आस आधारावर ठेवून टोक काट्यावर टेकवले की ढोबळ आकडा मिळतो.

निगडीकर

सर, इनटेक व्हॉल्व्ह २४ ग्रॅम, रिटेनर आणि लॉक मिळून ९ ग्रॅम, रॉकरचा वाटा सुमारे ११ ग्रॅम. स्प्रिंगच्या हलणाऱ्या वेटोळ्यांचे वजन अंदाजे १८ ग्रॅम निघते.

गणिती

स्प्रिंगचे एक टोक हलते आणि दुसरे स्थिर असते, म्हणून तिच्या हलणाऱ्या वजनाचा एक तृतीयांश भाग हिशेबात धरतात, म्हणजे ६ ग्रॅम. एकूण ५० ग्रॅम झाले.

आता स्प्रिंगचे खरे काम कोणते ते पाहू. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅम करतो. त्यासाठी स्प्रिंग लागत नाही. कॅमच्या नाकावरून (उंचवट्याच्या टोकावरून) जाताना उघडत निघालेला व्हॉल्व्ह थांबवून परत फिरवावा लागतो, आणि तो फिरवण्याचा जोर केवळ स्प्रिंगकडून मिळतो. तो अपुरा पडला की रॉकर कॅमला सोडून देतो, व्हॉल्व्ह मोकळा उडतो आणि मग कॅमच्या उतरत्या बाजूवर किंवा थेट सीटवर (बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यावर) आदळतो. यालाच आपण फ्लोट म्हणतो.

१२,००० आरपीएमला एक फेरा ५ मिलिसेकंदांत होतो, त्यामुळे २८० अंशांना ३.८९ मिलिसेकंद लागतात. उचल साध्या हार्मोनिक वळणाची धरली, तर नाकावरचा उलटा प्रवेग सुमारे ११,७५० मीटर प्रति सेकंद वर्ग येतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ १,२०० पट. ५० ग्रॅमला हा प्रवेग द्यायला ५८७ न्यूटन, म्हणजे ६० किलोचा जोर लागतो. आपली स्प्रिंग नाकावर ४४ किलो देते. लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ४४ किलो कुठपर्यंत पुरतील ते लगेच काढता येते: सुमारे १०,३०० आरपीएम. आपला आलेख कोसळतो तेथेच हा आकडा येऊन ठेपला. प्रत्यक्ष कॅमचे नाक या वळणापेक्षा थोडे सौम्य असते, त्यामुळे हा मेळ इतका तंतोतंत बसण्यात योगायोगाचाही भाग आहे. तरीही निदान फ्लोटचेच आहे, याविषयी मला शंका नाही.

या हिशेबातून मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी. १२,००० आरपीएमला व्हॉल्व्हकडचा प्रत्येक ग्रॅम स्प्रिंगकडून सुमारे १.२ किलो जोर मागतो. म्हणून निवडीचा क्रम आधी आरपीएमची मर्यादा, मग वजन आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग असा असावा. दुकानात स्प्रिंगपासून सुरुवात होते आणि तेथेच वाट चुकते. मर्यादा १२,००० ऐवजी ११,५०० ठेवली, तर लागणारा जोर आठ टक्क्यांहून अधिक कमी होतो. कॅम आणि पोर्ट ११,००० च्या पुढे हवा भरू शकत नसतील, तर शेवटच्या ५०० आरपीएमसाठी एवढी किंमत मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

थोडे विषयांतर करतो, पण ते याच मुद्द्याचे आहे. १९६६ मध्ये होंडाच्या २५० सीसीच्या सहा सिलिंडरांच्या आरसी१६६ ने १८,००० आरपीएम गाठले ते साध्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगांवर, कारण २४ व्हॉल्व्हांपैकी प्रत्येक व्हॉल्व्ह अगदी लहान आणि हलका होता. डुकाटीने १९५६ मध्ये व्हॉल्व्ह बंद करण्याचे कामही कॅमकडेच सोपवले, आणि रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा आणली. तिघांनीही स्प्रिंग अधिकाधिक कडक करत नेण्याचा मार्ग घेतला नाही.

हेडकाम

मी भोसरीत सिलिंडर हेडचे काम करतो. सरांचा क्रम योग्य आहे. वजन कोठून कमी करायचे ते मी सांगतो.

रिटेनरपासून सुरुवात करा. तो पूर्ण उचलीने हलतो, त्याला ज्वाळेची धग लागत नाही आणि तो बदलायला हेडमध्ये काही कापावे लागत नाही. टायटॅनियमचा रिटेनर घेतलात, तर तुमच्या ९ ग्रॅमचे ६ होतील. लॉक मात्र पोलादाचेच ठेवा आणि त्याचा व रिटेनरचा कोन एकच आहे याची निळा रंग लावून खात्री करा. कोन जुळला नाही तर लॉक एका कडेवरच भार घेतो आणि व्हॉल्व्ह सुटून सिलिंडरमध्ये पडतो.

त्यानंतर व्हॉल्व्ह. इनटेकसाठी मार्टेन्सिटिक पोलाद पुरते, कारण थंड मिश्रण त्याला सतत गार करत असते. सीटजवळचा दांडा बारीक केलेला आणि डोक्याची पाठ सपाट असलेला व्हॉल्व्ह घेतलात, तर ३ ग्रॅम सहज कमी होतात आणि हवेची वाटही मोकळी होते. डोक्याच्या कडेची जाडी मात्र १ मिमीच्या खाली नेऊ नका. पातळ कड सीटवर आपटताना वाकते, आणि ती वाकली की सील गेले.

एक्झॉस्टचे गणित वेगळे आहे. तेथे वजनापेक्षा उष्णता मोठी. २१-४एन हे ऑस्टेनिटिक पोलाद बहुतेक कामांना पुरते. त्यात २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असते. नायट्रस किंवा टर्बो असेल तर इन्कोनेलचा (उष्णता पेलणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचा) विचार करावा. २१-४एनला चुंबक धरत नाही, त्यामुळे खोका काहीही सांगत असला तरी डोके चुंबकाला चिकटले तर तो माल परत करावा. दांडा चिकटला तर घाबरू नका, कारण पुष्कळ व्हॉल्व्हांना मार्टेन्सिटिक दांडा वितळजोडाने जोडलेला असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. म्हणून सीटची रुंदी इनटेकला १ ते १.२ मिमी चालते, पण एक्झॉस्टला दीड मिमीपेक्षा कमी ठेवू नये. शर्यतीसाठी म्हणून चारही सीटा धारदार केलेली हेडे माझ्याकडे येतात, आणि एक्झॉस्टच्या कडा जळालेल्या असतात.

निगडीकर

काका, इनटेकला संपूर्ण टायटॅनियमचा व्हॉल्व्ह घेतला तर? खर्च मोठा आहे हे मला माहीत आहे, पण एकदाच करायचा असेल तर तयारी आहे.

हेडकाम

टायटॅनियमची घनता ४.४ आणि पोलादाची ७.८. त्याच आकाराचा तुमचा २४ ग्रॅमचा व्हॉल्व्ह १४ च्या आसपास येईल. सरांच्या हिशेबाने स्प्रिंगवरचा १२ किलोचा बोजा उतरला. लाभ मोठा आहे, हे मान्य करायलाच हवे.

पण त्याच्याबरोबर इतर गोष्टीही बदलाव्या लागतात. टायटॅनियम घासले की चिकटते, म्हणून दांड्यावर लेप लागतो आणि गाईड (दांडा जिच्यात सरकतो ती नळी) ब्राँझची लागते. रॉकर टोकावर घासतो, तेथे कठीण पोलादाची टोपी बसवावी लागते. मूळ सीट त्याच्या तोंडाला खाते, म्हणून तांब्याच्या मिश्रधातूची सीट बसवावी लागते. आणि आपल्याकडे हेड उघडले की पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायची जी सवय आहे, ती येथे पूर्णपणे सोडावी लागते, कारण घासले की लेप गेला. सीट यंत्रावर अचूक कापून घ्यावी आणि व्हॉल्व्ह तसाच बसवावा. हे सारे करूनही तो व्हॉल्व्ह कायमचा नसतो. ठरावीक वापरानंतर तो बदलावाच लागतो, त्यामुळे 'एकदाच करायचा खर्च' असे त्याचे नाही. तुमच्या इंजिनला ११,५०० पुरत असतील, तर मी पोलादी व्हॉल्व्ह आणि टायटॅनियमचा रिटेनर असेच सुचवेन.

वेगप्रेमी

इतका खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. आमच्या भागात मूळ स्प्रिंगच्या खाली १ मिमीची शिम (पातळ चकती) टाकण्याची पद्धत आहे आणि त्यावर गाड्या धावतात. धागाकर्त्याने आधी तेवढे करून पाहावे.

तारकाम

मी स्प्रिंगांच्या रचनेचे काम करतो, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

शिमचा उपाय निरर्थक नाही, पण त्याची पोहोच आधी मोजावी. धागाकर्त्याच्या स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २.९ किलो आहे. १ मिमी शिमने नाकावर ४४ चे ४७ किलो होतील आणि फ्लोट १०,३०० वरून सुमारे १०,६०० ला जाईल, त्यापलीकडे नाही. आणि त्यासाठी दाबाची मोकळी जागा १ मिमीने कमी होईल. वर दिलेल्या कडकपणाला आणि वजनाला साजेशी स्प्रिंग म्हणजे ३.२ मिमी तार, वेटोळ्यांचा मध्यव्यास २० मिमी, एकूण साडेसहा वेटोळी आणि त्यांपैकी साडेचार कामाची. पूर्ण दाबल्यावर तिची उंची २०.८ मिमी होते. बसवलेली उंची ३२ मिमी धरली, तर ९ मिमी उचलीला २३ मिमी राहतात, म्हणजे २.२ मिमी मोकळे. शिमनंतर १.२ राहतील. तेवढे चालते; पण कॅमची उचल आणखी १ मिमीने जास्त असती, तर वेटोळी जवळजवळ एकमेकांवर टेकली असती आणि मग कॅम, रॉकर किंवा लॉक यांपैकी काहीतरी तुटले असते. दुसऱ्याच्या गाडीत चाललेली शिम आपल्या कॅमवर चालेल, असे म्हणूनच धरता येत नाही.

आता नव्या स्प्रिंगकडे येऊ. काकांनी सांगितल्याप्रमाणे रिटेनरचे ३ आणि व्हॉल्व्हचे ३ ग्रॅम कमी झाले, तर ४४ ग्रॅम उरतात. ११,५०० ला त्यांना ४८.४ किलो लागतील. रॉकर वाकतो, टायमिंगची साखळी ताणते, वापरात स्प्रिंग थोडी बसते, म्हणून १५ टक्के वर धरू. ५६ किलो झाले. याउलट काहीही हलके न करता १२,००० मागितले असते, तर ६९ किलो लागले असते. हा १३ किलोंचा फरक कॅमच्या नाकाला, रॉकरला आणि सीटला प्रत्येक फेऱ्यात सोसावा लागला असता, आणि त्यातून ताकद एका कणानेही वाढली नसती.

सीटवर २० आणि नाकावर ५६ किलो, म्हणजे मिलिमीटरला ४ किलो कडकपणा हवा. सर्वांना प्रथम सुचते ते तार जाड करणे. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे ३.२ ची ३.५ मिमी केली की २.९ चे ४.२ होतात आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण त्याच साडेसहा वेटोळ्यांची दाबलेली उंची आता २२.७५ मिमी झाली आणि मोकळी जागा पाव मिलिमीटर उरली. ही स्प्रिंग टेस्टरवर उत्तम दिसेल आणि इंजिनमध्ये पहिल्याच धावेत घात करेल. म्हणून वेटोळी सहा करावीत, त्यांपैकी कामाची चार, आणि मध्यव्यास २१ मिमी घ्यावा. कडकपणा ४.१ च्या जवळ येतो, दाबलेली उंची २१ मिमी होते आणि २ मिमी मोकळे राहतात. तारेवरचा ताण सुमारे ८६० मेगापास्कल येतो. शॉटपीन केलेल्या (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग कणखर केलेल्या) चांगल्या क्रोम-सिलिकॉन तारेला तो पेलतो, साध्या तारेला पेलत नाही.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा स्प्रिंगच्या स्वतःच्या कंपनाचा आहे. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ११,५०० आरपीएमला सेकंदाला सुमारे ९६ फेरे. कॅमच्या उचलीत त्या वारंवारतेच्या पाच, सहा, सात, आठ पटींचे अंश दडलेले असतात. त्यांपैकी एखादा स्प्रिंगच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळला की वेटोळ्यांतून लाटा धावू लागतात, आणि ज्या क्षणी जोर हवा नेमक्या त्याच क्षणी तो कमी पडतो. जुन्या स्प्रिंगची वारंवारता ६३५ हर्ट्झच्या आसपास येते, त्यामुळे सातवी पट १०,९०० आरपीएमला जुळते, अगदी कामाच्या पट्ट्यात. नव्या रचनेची वारंवारता ७०० च्या थोडी वर येते, आणि सातवी पट १२,००० च्या पलीकडे जाते. आठवी पट १०,६०० ला येईल, पण पट जितकी वरची तितका तिचा जोर सामान्यतः कमी, आणि ड्रॅगमध्ये इंजिन त्या वेगावर रेंगाळत नाही. ही वारंवारता तारेच्या जाडीबरोबर वाढते, पण वेटोळ्यांच्या संख्येने आणि व्यासाच्या वर्गाने घटते. म्हणूनच कमी वेटोळ्यांची, अरुंद स्प्रिंग उच्च आरपीएमला चांगली, आणि वर निमुळती होत जाणारी मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची स्प्रिंग त्याहून चांगली. तिच्यावर रिटेनरही लहान बसतो आणि वेटोळ्यांचा व्यास बदलत असल्यामुळे लाट सहजासहजी एकजूट होत नाही. दुहेरी स्प्रिंगेत आतली बाहेरचीला घासून लाट शमवते, पण ते घर्षण उष्णता निर्माण करते आणि वजनही वाढते. या इंजिनसाठी मी निमुळती एकेरी स्प्रिंग घेईन.

एक कळकळीची सूचना. नवी स्प्रिंग गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा मुलामा चढवून घेण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया मानू नका. आम्ल आणि मुलामा यांच्या प्रक्रियेत हायड्रोजन तारेत शिरतो आणि इतकी कठीण तार काचेसारखी ठिसूळ होते. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत गंजाचे ठिपके पडतात हे खरे आहे, आणि एक ठिपका तडा सुरू करायला पुरतो; पण त्यावर तेलात बुडवून ठेवणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे. बसवताना पक्कड किंवा स्क्रूड्रायव्हरचा ओरखडाही तारेवर पडू देऊ नये.

बुलेटवाला

माझ्याकडे ३५० सीसीचे पुशरॉडचे इंजिन आहे, ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोक. हाच हिशेब मला लागू होईल का?

गणिती

तत्त्व तेच आहे, पण आपल्याकडे पुशरॉड आणि टॅपेट कॅमच्या बाजूला आहेत. त्यांचे वजन व्हॉल्व्हच्या बाजूला आणताना रॉकरच्या गुणोत्तराच्या वर्गाने भागावे. म्हणजे तेथील एक ग्रॅम रिटेनरच्या एका ग्रॅमइतका महाग पडत नाही. टॅपेट हायड्रॉलिक असेल, तर फ्लोट झाल्यावर तो तेलाने फुगतो आणि व्हॉल्व्ह बंदच होऊ देत नाही. मात्र ९० मिमीच्या स्ट्रोकला ७,००० आरपीएमलाच पिस्टनची सरासरी गती २१ मीटर प्रति सेकंद होते. धागाकर्त्याच्या ४९ मिमीला ती १२,००० वरही २० च्या आतच राहते. आपल्या इंजिनची मर्यादा व्हॉल्व्हच्या आधी क्रँक आणि कनेक्टिंग रॉड ठरवतील.

निगडीकर

सर्वांचे मनापासून आभार. आरपीएमची मर्यादा ११,५०० ठेवायचे ठरवले आहे. इनटेकला बारीक दांड्याचा पोलादी व्हॉल्व्ह, एक्झॉस्टला २१-४एन, चारही जागी टायटॅनियमचे रिटेनर आणि तारकाम यांनी सांगितलेल्या मापांच्या जवळची निमुळती स्प्रिंग, अशी निवड केली आहे. स्प्रिंगचा बाहेरचा व्यास मोठा असल्यामुळे हेडमधली बैठक रुंद करावी लागेल. काका, इंजिन जोडून बंदिस्त करण्यापूर्वी काय काय तपासावे?

हेडकाम

बैठक रुंद करताना खोली वाढू देऊ नका. खाली पाण्याची पोकळी असते आणि भिंत किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही.

बसवलेली उंची चारही व्हॉल्व्हांवर वेगवेगळी मोजा. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह हेडमध्ये अधिक खोल बसतो आणि उंची वाढते, म्हणून आधी कामे पूर्ण करा आणि मग शिमने ती एकसारखी करा. पूर्ण उचलीला रिटेनर आणि ऑइल सील यांच्यामध्ये दीड मिमी अंतर हवे; जास्त उचलीच्या कॅमवर अनेक जण हे पाहत नाहीत, आणि सील फुटून तेल जळू लागते.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर पिस्टनवर मऊ खेळण्याच्या मातीचा (क्लेचा) पातळ थर ठेवून, हलकी स्प्रिंग लावून, हाताने इंजिन फिरवून तपासा. सर्वांत जवळचा क्षण वरच्या टोकाला नसतो. एक्झॉस्ट त्याच्या सुमारे १० अंश आधी आणि इनटेक तेवढाच नंतर पिस्टनला सर्वांत जवळ येतो, म्हणून डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) लावून दोन्ही बाजूंनी पाहा. एक्झॉस्टला इनटेकपेक्षा जास्त जागा ठेवा, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे धावत येत असतो.

नवी स्प्रिंग लगेच ११,५०० ला नेऊ नका. मध्यम वेगावर इंजिन तापवून पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे जी काय थोडी बसायची ती बसेल. त्यानंतरचा जोर टेस्टरवर मोजून लिहून ठेवा आणि प्रत्येक शर्यतीनंतर त्याच्याशी ताडून पाहा. दहा टक्के उतरला की चारही बदला, एकटीदुकटी नको. हेड उघडाल तेव्हा कॅमची उतरती बाजूही पाहा. तेथे चकाकणारा ठोक्याचा पट्टा दिसला, तर फ्लोट अजून चालू आहे.

तारकाम

यात एकच भर घालतो. ११,५०० हा लिमिटरचा (इंजिनचा वेग रोखणाऱ्या यंत्रणेचा) आकडा असावा, गिअर बदलण्याचा नव्हे. बदल ११,२०० च्या आसपास ठेवावा. चुकून खालचा गिअर पडला, तर मागचे चाकच इंजिनला ओढत नेते आणि लिमिटरला ते थांबवता येत नाही. स्प्रिंगमध्ये ठेवलेले १५ टक्के अशा वेळी सुमारे १२,३०० आरपीएमपर्यंत पुरतील. डेटा लॉगरवर त्याच्या वरचा आकडा दिसला, तर पुढची धाव घेण्याआधी सिलिंडरची गळती तपासावी.